यंत्राची उलटतपासणी

दमा असलेल्या माणसास न्यूमोनिया झाला तर त्याच्या जिवास इतरांपेक्षां धोका कमी असतो, असें एखाद्या नवशिक्या डॉक्टरानें खाटेशेजारीं उभें राहून सांगितलें तर घरांतील मंडळी त्यास काय म्हणतील? ज्याचीं फुप्फुसें आधींच दुबळीं, त्यास फुप्फुसाचा आणखी एक रोग जडल्यावर तो अधिक सुरक्षित कसा, हा प्रश्न कोपऱ्यांत बसलेल्या आजीबाईही विचारतील. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेंत हेंच विधान एका यंत्रानें केलें. तें यंत्र बिघडलेलें नव्हतें. चौदा हजारांहून अधिक न्यूमोनियाच्या रोग्यांच्या नोंदी त्या प्रयत्नासाठीं गोळा केल्या होत्या आणि त्या नोंदींत दमेकरी रोगी खरोखरच कमी दगावले होते. म्हणजे आंकडे खरे, वाचन खरें, आणि तरीही त्या विधानावर विसंबून एखाद्या दमेकऱ्यास रुग्णालयाच्या दारांतून परत घरीं पाठविलें असतें तर त्याचा जीव धोक्यांत आला असता.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून ठेविली पाहिजे. हें विधान करणारें यंत्र त्या परीक्षेंतील सर्वांत हुशार यंत्र नव्हतें. सर्वांत हुशार जें होतें तें मुकें होतें. त्याच्याही पोटांत हीच चूक असली पाहिजे, पण ती त्यानें बोलून दाखविली नाहीं. बोलण्याची सोयच त्याच्या ठिकाणीं नव्हती. आज कर्जाच्या अर्जापासून क्ष-किरणांच्या चित्रापर्यंत अनेक ठिकाणीं यंत्राचें मत विचारलें जातें, आणि त्यांतील बरींच यंत्रें याच मुक्या जातीचीं आहेत. त्यांस ‘कां?’ असा प्रश्न विचारावयाचा आणि समजण्याजोगें उत्तर मिळवावयाचें, या प्रयत्नास आतां साठ वर्षांचा इतिहास जमला आहे. तो आम्ही येथें थोडक्यांत मांडणार आहों.

प्रारंभींच्या चुकीचें मर्म आमच्याकडील नैयायिकांस समजावून सांगावें लागलें नसतें. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान तर्कसंग्रह चाळलेल्या कोणाही विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु हेंच उलट फिरवून, जेथें अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हणूं लागला तर नैयायिक त्यापुढें तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतो. अग्नि आहे, धूर नाहीं. मग धूर येतो कोठून? ओल्या सरपणांतून. शंभर चुलींत अग्नि आणि धूर एकत्र दिसले तरी त्या जोडीमागें ओल्या लाकडांची अट लपलेली असते. अशा लपलेल्या अटीस त्यांनीं ‘उपाधि’ हें नांव दिलें. दमेकऱ्यांच्या बाबतींत ओलें सरपण कोणतें होतें तें यथाकाल कळेल. उदाहरणें पाहून शिकणारें यंत्र शंभर काय, लाख चुली पाहूं शकतें. सरपण ओलें होतें काय, ही चौकशी त्याच्या मनांत येत नाहीं.

यंत्रास शहाणें करण्याचे दोन मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेले आहेत. स्वयंपाकघराचा दृष्टान्त घेतला तर त्यांतील भेद चटकन् ध्यानांत येईल. नव्या सुनेस सासूबाई सांगतात, ‘आधीं मोहरी घाल, ती तडतडली कीं मग हिंग, आणि हळद सर्वांत शेवटीं.’ हे नियम होत. ते बोलून सांगतां येतात, वहींत उतरून ठेवतां येतात, आणि सुनेनें ‘हळद आधीं कां नको?’ असें विचारलें तर ‘ती करपते’ असें उत्तरही देतां येतें. परंतु त्याच सासूबाईंस आमटींत मीठ किती घालावें असें विचारा. ‘अंदाजानें,’ एवढेंच त्या म्हणतील. तो अंदाज खोटा नसतो. तीस वर्षांच्या आमट्यांनीं तो त्यांच्या बोटांत बसविलेला असतो. मात्र शब्दांत तो उतरत नाहीं. यांपैकीं पहिला मार्ग चिन्हरूप ज्ञानाचा, म्हणजे शब्दांत व नियमांत मांडलेल्या ज्ञानाचा, दुसरा यंत्रशिक्षणाचा. पहिल्या मार्गाचे उपासक आणि दुसऱ्याचे उपासक यांत पुढें चांगलेंच वितुष्ट आलें, आणि दोन्ही पक्षांनीं एकमेकांस अधूनमधून मृत ठरविलें. त्या भांडणाचा सबंध वृत्तान्त देण्याची येथें गरज नाहीं.

या भांडणाच्या ऐन आरंभींच, जवळजवळ कोणाच्या लक्षांत न येतां, दोन मार्गांचा एक संगम होऊन गेला होता. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत एडवर्ड फायगेनबॉम हे संगणकशास्त्रज्ञ आणि जोशुआ लेडरबर्ग हे १९५८ चें नोबेल पारितोषिक मिळविलेले आनुवंशशास्त्रज्ञ यांनीं ‘डेंड्रल’ नांवाचें काम हातीं घेतलें. रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी आणि मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ब्रूस बुकॅनन हे त्यांस येऊन मिळाले. प्रश्न असा होता: एखाद्या पदार्थाचे रेणु एका उपकरणांत फोडले असतां त्यांच्या तुकड्यांचीं वजनें मिळतात, त्या वजनांवरून मूळ रेणूची बांधणी कशी ओळखावी? मडकें फुटल्यावर खापऱ्यांवरून त्याचा घाट ओळखण्यासारखेंच हें काम. अनुभवी रसायनज्ञ तें करीत असत. त्यांचे नियम विचारून विचारून यंत्रांत भरावयाचे, असा बेत होता.

बेत चांगला होता, पण नियम काढून घेणें फार कष्टाचें ठरलें. तज्ज्ञास पुष्कळ माहीत असतें, परंतु आपणांस काय माहीत आहे हें त्याला सांगतां येतेंच असें नाहीं. रसायनज्ञ झाले तरी त्यांच्याही मिठाचा अंदाज बोटांतच असावयाचा. तेव्हां या मंडळींनीं सत्तरीच्या दशकांत निराळी तोड काढली. ज्या रेणूंची बांधणी आधींच ठाऊक आहे ते रेणु व त्यांचे तुकडे यांच्या जोड्या यंत्रापुढें ठेवावयाच्या आणि नियम त्यानेंच शोधून काढावयाचे. या प्रणालीस ‘मेटा-डेंड्रल’ असें नांव दिलें. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं यंत्रास मोकाट सोडलें नव्हतें. दुहेरी व तिहेरी बंध तुटत नाहींत असें धरून चालावें, अगदींच बारीक तुकड्यांकडे पाहूं नये, अशा कांहीं मोटमोट्या गोष्टी रसायनज्ञांनीं त्यास आधींच सांगून ठेविल्या होत्या. कुंपण माणसांनीं घातलें, आणि कुंपणाच्या आंत शोध यंत्रानें घेतला. शिवाय सांपडलेला नियम रसायनज्ञांच्याच भाषेंत, अमुक ठिकाणचा बंध तुटतो, अशा शब्दांत बाहेर येई. त्यामुळें तो त्यांस वाचतां येई, पटला नाहीं तर फेटाळतां येई. अशा रीतीनें सांपडलेले एका वर्गांतील स्टेरॉइड पदार्थांविषयींचे नियम १९७६ सालीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाले. आमच्या मतें पुढील पन्नास वर्षांत या विषयांत जें जें झालें त्याचें बीज येथेंच आहे. तें त्या काळीं फारसें कोणीं पेरलें नाहीं, एवढेंच.

कीर्ति मिळाली ती त्याच विद्यापीठांतील दुसऱ्या एका प्रणालीस. १९७२ च्या सुमारास एडवर्ड शॉर्टलिफ या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें बुकॅनन व स्टॅन्ली कोहेन यांच्या साह्यानें ‘मायसिन’ रचण्यास आरंभ केला. रक्तांत किंवा मेंदूच्या आवरणांत जंतुदोष झाला असतां जंतु कोणता असावा आणि औषध कोणतें द्यावें हें सांगणें, हें तिचें काम. तिच्यांत पुढें सुमारें पांचशें नियम झाले. त्यांचा मासला असा: जंतुदोष मूळचा रक्तांतलाच असेल, नमुना शरीराच्या एरवीं निर्जंतुक असणाऱ्या भागांतून घेतलेला असेल, आणि जंतु पचनमार्गानें शिरले असावेत असा संशय असेल, तर तो जंतु बॅक्टेरॉइडिस जातीचा असण्यास ०.७ इतका आधार आहे. नियमाच्या शेपटीस असा आंकडा जोडलेला असे, कारण वैद्यकांत ‘निश्चित’ हा शब्द फार वेळां उच्चारतां येत नाहीं.

मायसिनचें खरें वैशिष्ट्य नियमांच्या संख्येंत नव्हतें. ती डॉक्टरास प्रश्न विचारी, आणि डॉक्टरानें उत्तर देण्याऐवजीं ‘कां?’ असें टंकून विचारलें तर हा प्रश्न आपण कोणत्या नियमासाठीं विचारीत आहों तें ती सांगे. निष्कर्ष दिल्यावर ‘कसें?’ असें विचारलें तर कोणकोणत्या नियमांच्या पायऱ्या चढून आपण येथें आलों याचा पाढा ती वाचून दाखवी. न्यायालयांत वकील साक्षीदारास विचारतो तशी ही उलटतपासणीच होती, आणि साक्षीदार न डगमगतां उत्तरें देत असे. १९७९ सालीं तिच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणदाहाचे दहा रोगी निवडून त्यांच्यावर कोणता उपचार करावा हें मायसिनला आणि स्टॅनफर्डमधील पांच तज्ज्ञ अध्यापकांस विचारण्यांत आलें, आणि कोणतें उत्तर कोणाचें हें न सांगतां तीं उत्तरें बाहेरच्या आठ तज्ज्ञांपुढें ठेवण्यांत आलीं. मायसिनचीं उत्तरें ६५ टक्के वेळां ग्राह्य ठरलीं, अध्यापकांचीं ४२.५ पासून ६२.५ टक्क्यांपर्यंत. एवढें असूनही रोग्याच्या खाटेपाशीं तिचा नित्य उपयोग कधींच झाला नाहीं. एकेक प्रश्नाचें उत्तर टंकीत बसण्यास डॉक्टरांस सवड नव्हती, आणि चुकलें तर जबाबदार कोण, याचाही निवाडा झाला नव्हता.

नियमांच्या मार्गाचें खरें व्यंग मात्र निराळ्याच ठिकाणीं उघड झालें. विल्यम क्लॅन्सी यांनीं मायसिनच्या नियमांवरून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस शिकवावें असा प्रयत्न आरंभिला. त्यांतील एक नियम असा होता, कीं रोगी आठ वर्षांहून लहान असेल तर त्यास टेट्रासायक्लिन देऊं नये. विद्यार्थी साहजिकच विचारणार, ‘कां?’ मायसिन उत्तर देणार, ‘कारण तसा नियम आहे.’ आतां, या नियमाच्या मागें एक सबंध साखळी आहे. हें औषध वाढत्या हाडांत व दांतांत जाऊन बसतें. त्यामुळें दांतांचा रंग जन्माचा बिघडतो. तसें होणें इष्ट नाहीं. म्हणून लहान मुलास तें देऊं नये. ही साखळी नियम लिहिणाऱ्या डॉक्टराच्या डोक्यांत होती. यंत्रांत उतरलें तें तिचें पहिलें व शेवटचें टोंक तेवढें. क्लॅन्सी यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें इतकें स्वच्छ दाखविलें आहे, कीं नियम वाचतां आला म्हणजे तो समजला असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. ‘अमावास्येस प्रवास करूं नये,’ हाही वाचतां येण्यासारखा नियम आहेच.

आतां दुसऱ्या मार्गाकडे वळूं. वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स यांनीं १९४३ सालीं मेंदूंतील पेशींचें गणिती चित्र काढलें. फ्रँक रोझेनब्लाट यांनीं १९५८ सालीं त्यावरून शिकणाऱ्या यंत्राची योजना मांडली. मिन्स्की व पॅपर्ट यांच्या १९६९ च्या ग्रंथानें तो उत्साह पुष्कळसा थंड केला. आणि १९८६ सालीं रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या लेखानें तो पुन्हां पेटविला. या यंत्रांस ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात. आपण त्यांस ज्ञानतंतूंचें जाळें म्हणूं. जाळ्याच्या प्रत्येक धाग्यावर एक आंकडा असतो. उदाहरण दाखवावयाचें, उत्तर चुकलें कीं प्रत्येक आंकडा किंचित् कमीजास्त करावयाचा, आणि हें हजारों वेळां चालवावयाचें. शेवटीं उत्तरें बरोबर येऊं लागतात. पण ‘कां?’ असें विचारलें तर जाळ्यापाशीं दाखविण्यास त्या आंकड्यांवांचून कांहीं नसतें. सासूबाईंच्या बोटांतला अंदाज तो हाच.

विस्कॉन्सिन विद्यापीठांत जेफ्री टॉवेल व ज्यूड शॅव्लिक यांनीं १९९० च्या सुमारास या दोन मार्गांची जी सोयरीक जुळविली तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. त्यांनीं घेतलेला प्रश्न ई. कोलाय या सूक्ष्म जंतूच्या डीएनएसंबंधीं होता. डीएनए म्हणजे चार अक्षरांनीं लिहिलेली एक लांबच लांब ओळ. त्या ओळींत कोठें कोठें ‘प्रवर्तक’ नांवाच्या जागा असतात. तेथून पुढील मजकूर वाचण्यास पेशीचें यंत्र सुरुवात करतें. ५७ अक्षरांचा तुकडा दिला असतां त्यांत प्रवर्तक आहे कीं नाहीं हें ओळखावयाचें. तुकडे होते १०६. निम्मे होकाराचे, निम्मे नकाराचे. जीवशास्त्रज्ञांनीं याविषयीं नियमही दिलेले होते: अमुक जागीं अमुक अक्षरें, तमुक जागीं तमुक. ते नियम या तुकड्यांस लावून पाहिले तेव्हां काय झालें? त्रेपन्न खऱ्या प्रवर्तकांपैकीं एकासही ते ओळखूं शकले नाहींत. नियम खोटे होते असें नव्हे. सारीं अक्षरें तंतोतंत जुळलीं पाहिजेत असा त्यांचा हट्ट होता, आणि सृष्टि इतकी शिस्तीची नसते.

टॉवेल व शॅव्लिक यांनीं हे नियम टाकून दिले नाहींत. त्यांनीं नियमांवरूनच जाळें विणलें. नियमांतील प्रत्येक अटीस एक धागा, प्रत्येक निष्कर्षास एक गांठ. धाग्यांवरील आंकडे असे निवडले, कीं आरंभीं जाळ्यानें नियमांप्रमाणेंच वागावें. मग त्यास उदाहरणें दाखविलीं. जाळें शिकत गेलें, पण कोऱ्या पाटीवरून नव्हे, तर गुरूनें लिहून दिलेल्या कित्त्यावरून. परीक्षेंत एकेक तुकडा बाजूस ठेवून उरलेल्यांवर शिकवावयाचें आणि मग तो बाजूचा तुकडा ओळखावयास सांगावयाचें, अशी रीत होती. कोऱ्या जाळ्यानें १०६ पैकीं ८ तुकडे चुकविले. नियमांवरून विणलेल्या जाळ्यानें ४. एकशेंसहा उदाहरणें म्हणजे कांहीं फार मोठा संग्रह नव्हे, हें आम्ही जाणतों. पण आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें यापुढचें पाऊल. शिकून झाल्यावर त्यांनीं जाळ्यांतून नियम परत बाहेर काढले. ही रीत त्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केली. बाहेर आलेल्या नियमांचें रूप बदललें होतें. ‘हीं सर्व अक्षरें जुळलीं पाहिजेत’ याच्या जागीं ‘यांपैकीं इतकीं जुळलीं तरी पुरे’ असें आलें होतें. ज्यांनीं परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडविल्या आहेत त्यांस ‘पुढीलपैकीं कोणतेही चार प्रश्न सोडवा’ ही भाषा परकी वाटणार नाहीं. जीवशास्त्रज्ञांनीं दिलेला नियम यंत्रानें उदाहरणांच्या कसोटीवर घासून, थोडा सैल करून, त्यांच्याच भाषेंत परत केला. आणि नियम नेमका कोठें बदलला तें जुना व नवा शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां आलें. कर्ज घेतलेला ग्रंथ समासांत दुरुस्त्या करून परत करणारा वाचक विरळा. हें यंत्र तसें निघालें.

याच दशकांत न्यूमोनियाचें तें प्रकरण घडलें. न्यूमोनियाचा रोगी दारांत आला असतां त्यास रुग्णालयांत ठेवून घ्यावें कीं औषध देऊन घरीं पाठवावें, हें ठरविण्यास यंत्राचें साह्य होईल काय, असा प्रश्न होता. १४,१९९ रोग्यांच्या नोंदी घेऊन अनेक पद्धतींची तुलना करण्यांत आली, आणि तिचा वृत्तान्त १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्ञानतंतूंचें जाळें त्यांत पुढें होतें. दगावलेला एक व वांचलेला एक असे दोन रोगी कसेही निवडून समोर ठेविले, तर अधिक धोक्याचा कोणता हें तें शंभरांत सुमारें ८६ वेळां बरोबर सांगे; लॉजिस्टिक रिग्रेशन ही संख्याशास्त्रांतील जुनी पद्धति सुमारें ७७ वेळां. हें जाळें शिकविणारे रिच कॅरुआना तेव्हां विद्यार्थी होते. शंभरांत नऊ वेळांचा हा फरक पाहून कोणीही जाळ्याच्याच बाजूनें कौल दिला असता.

परंतु त्याच नोंदींवर दुसऱ्या एका संशोधकानें नियम शिकणारी एक पद्धति चालविली होती. ती नियम बोलून दाखवी, आणि तिनें बोलून दाखविलेला एक नियम तो: दमा असेल तर धोका कमी. डॉक्टरांपुढें तो येतांच उलगडा झाला. न्यूमोनिया झालेला दमेकरी आला म्हणजे त्यास नुसतें दाखल करून घेत नसत, तर बहुधा थेट अतिदक्षता विभागांतच नेत. तेथील उपचारांमुळें त्यांच्यांतील मृत्यु इतके घटले, कीं ते इतरांहून सुरक्षित दिसूं लागले. हें ओलें सरपण. धोक्याचा अंदाज रोगी दारांत येतांच करावयाचा असल्यामुळें पुढें त्यास कोणत्या विभागांत ठेविलें याचा त्या हिशेबांत समावेश नव्हता. आणि यंत्राचा सल्ला मानून दमेकऱ्यास कमी धोक्याचा म्हणून घरीं पाठविलें असतें तर ज्या उपचारांनीं तो वांचत होता तेच त्याच्यापासून काढून घेतले गेले असते.

शेवटीं जाळें बाजूस ठेवण्यांत आलें आणि लॉजिस्टिक रिग्रेशन अधिक निर्धोक ठरविण्यांत आलें. येथें कोणी म्हणेल, दम्याची चूक कळलीच होती, तेवढी दुरुस्त करून जाळें कां वापरलें नाहीं? त्याचें उत्तर असें, कीं दम्याची चूक कळली ती दुसऱ्या यंत्राच्या तोंडून. जाळ्यांत तशा आणखी किती चुका दडल्या आहेत हें सांगणारें कोणीच नव्हतें. आमच्या मतें हा निर्णय फार शहाणपणाचा होता, आणि तो घेणाऱ्यांचें मनोधैर्य वाखाणण्यासारखें आहे. कारण परीक्षेंत पहिल्या आलेल्या उमेदवारास नोकरी न देणें ही गोष्ट समितींत बसलेल्यांस किती अवघड जाते हें आम्ही जाणतों.

कॅरुआना यांच्या मनांतून हें प्रकरण गेलें नाहीं. १८ वर्षांनंतर, १९९७ च्या वृत्तान्तापासून मोजतां २०१५ सालीं, त्यांनीं सहकाऱ्यांसह त्याच १४,१९९ नोंदींवर एक निराळी पद्धति चालवून दाखविली. तिच्यांत वय, नाडी, दमा अशा प्रत्येक गोष्टीचा धोक्यावर होणारा परिणाम वेगवेगळ्या आलेखांत काढलेला असतो, आणि निवडक जोड्यांचा मिळून होणारा परिणामही दाखविलेला असतो. काटेकोरपणें बोलावयाचें तर ही नियमांची पद्धति नव्हे. परंतु तिचें प्रत्येक पान डॉक्टरास उलटून पाहतां येतें. पाहिलें तों दमा आपल्या जागीं होताच. शिवाय फुप्फुसांचा जुनाट विकार आणि पूर्वी छातींत दुखलेलें असणें, हीं दोनही ‘धोका कमी करणारीं’ म्हणून पुढें आलीं. कारण बहुधा तेंच. अशा रोग्यांची काळजी अधिक तत्परतेनें घेतली जाते. १९९७ सालच्या जाळ्यांत हे दोन भिडू असतील अशी शंकाही कोणास आली नव्हती. आतां ते दिसले, आणि दिसल्यावर डॉक्टरांस तो आलेख पुसतां येतो किंवा हातानें सुधारून काढतां येतो.

त्यापूर्वीच, २०१२ च्या सुमारास, ज्ञानतंतूंचीं जाळीं पुष्कळ खोल व अवाढव्य झालीं होतीं, आणि त्यांचे पराक्रम पाहून नियमांची आठवण बरेच दिवस कोणास झाली नाहीं. मग लोक पुन्हां ‘कां?’ विचारूं लागले. २०१८ सालीं अंमलांत आलेल्या युरोपीय संघाच्या कायद्यानें, माणसाविषयीं यंत्रानें परस्पर निर्णय घेतला असतां त्यामागील तर्काची अर्थपूर्ण माहिती देण्याचें बंधन घातलें. यावर एक स्वस्त तोड निघाली: निर्णय मुक्या यंत्रानें घ्यावा आणि कारणें मागाहून दुसऱ्या यंत्रानें जुळवून द्यावीं. सिंथिया रुडिन या विदुषींनीं २०१९ सालीं यास कडाडून विरोध केला. जेथें माणसाचें फार कांहीं पणास लागलेलें असतें तेथें मुळांतच वाचतां येईल असें यंत्र वापरावें, हें त्यांचें म्हणणें. आम्ही त्यांच्या बाजूचे आहों. उशीरा आलेल्या विद्यार्थ्यास दारांतच कारण विचारलें तर तो तें तयार करतो. आणि तें ऐकावयास बरेंही वाटतें.

सोयरिकीचें अलीकडील एक उदाहरण रुग्णालयांतून शाळेच्या वर्गांत नेणारें आहे. भूमितीचा सिद्धान्त सोडवितांना पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता असे चार मथळे आम्हीं सर्वांनींच वहींत लिहिलेले आहेत. त्यांतील सिद्धता नियमांनीं चालते. रचना मात्र सुचावी लागते. कोणती रेषा वाढवावी, कोठें लंब टाकावा, हें मास्तरांना सुचतें आणि आम्हांस सुचत नाहीं, एवढाच काय तो दोघांतील फरक. २०२४ च्या जानेवारींत ‘नेचर’मध्यें वर्णिलेल्या ‘अल्फाजॉमेट्री’ या प्रणालींत ही वांटणी अशीच केलेली आहे. रचना जाळ्याला सुचते. सिद्धता नियमांचें यंत्र पायरीपायरीनें करतें. अडलें कीं पुन्हां जाळ्याकडे रचना मागतें. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील ३० प्रश्नांपैकीं तिनें २५ सोडविले. त्यापूर्वीच्या उत्तम प्रणालीस १० सुटत होते. सिद्धता वाचतां येते, म्हणून तपासतांही येते. २००४ सालच्या एका प्रश्नाची सिद्धता पायऱ्या उलट मोजीत तपासली तेव्हां असें दिसून आलें, कीं पक्षांत दिलेली एक अट, अमुक बिंदु त्या बाजूचा मध्यबिंदु आहे ही, सिद्धतेंत कोठेंच वापरलेली नाहीं. ती अट काढून टाकिली तरी सिद्धान्त खराच राहतो.

भूमितींत हें शक्य झालें, कारण पक्ष सबंधच्या सबंध कागदावर लिहिलेला असतो. जास्त झालेली अट सांपडते, आणि कमी पडलेली अटही सांपडली असती. न्यूमोनियाच्या त्या १४,१९९ नोंदींत अतिदक्षता विभागाचा रकाना हिशेबांतच धरलेला नव्हता. यंत्रानें नियम बोलून दाखविला, आणि तो रकाना कोणी डॉक्टरानें आपल्या अनुभवांतून आणून त्याच्या शेजारीं भरला.